पाण्याकडे निघालेला सौना

१५ सप्टेंबर २०१२

कॉलेज सोडलं. आईला अजून सांगितलेलं नाही. या वहीला सांगायला हरकत नाही, ही ओरडत नाही.

लोक कारण विचारतील. मी सांगणार की प्रवाहशास्त्राच्या प्राध्यापकाशी माझे तात्त्विक मतभेद झाले. तेही अगदीच खोटं नाही. पण खरं कारण काइसा लेहतो. ती आमचे पेपर तपासायची. मला शंभरात एकतीस दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, 'पुन्हा विचार कर.' मी केला. उन्हाळाभर दुसरा विचारच केला नाही. परवा तिला कॉफीला येतेस का विचारलं, तर म्हणाली, "डेरेक, मी तुझे पेपर तपासते. नियमात बसत नाही ते."

म्हणजे अडचण नियमाची होती, माझी नव्हती! काल सकाळी नाव काढून घेतलं. आता मी कुणाचाच विद्यार्थी नाही.

ही बातमी द्यायला धक्क्यावर गेलो तेव्हा ती बोटीत सरोवर मोजायची यंत्रं चढवत होती. ऐकून हातातलं यंत्र तसंच खाली ठेवलं. भारावली असणार.

"तू हे माझ्यामुळे केलंस?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिनं कपाळाला हात लावला. वारा फार होता.

२९ सप्टेंबर

प्रगती आहे. काइसानं आपणहून बोलावलं. म्हणाली, "तुला आता वेळच वेळ आहे, नाही का? मग एक काम कर. शनिवारी मी आणि फिलिप दीपगृहावरची यंत्रं बघायला जातो, रात्र तिकडेच होते. आजोबांना एकट्यानं सौनात बसू द्यायचं नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलंय. तू बसशील त्यांच्याबरोबर?"

स्वतःचा एकुलता एक आजोबा तिनं माझ्या हाती सोपवला. मुली असं कुणासाठीही करत नाहीत. फिलिप हा मिनियापोलिसचा एक चष्मेवाला, तिच्याबरोबर काम करतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आजोबांचं नाव ताउनो, वय शहाऐंशी. जन्मभर मासे पकडले. दार उघडून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "एकतीसवाला तो तूच का?"

घरी माझा विषय निघतो तर!

सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची खोली, त्यांच्या वडलांनी बांधलेला, तासलेल्या ओंडक्यांचा. ताउनो जन्मले त्याच्याच खालच्या फळीवर, आणि त्यांची बायको गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घातली तीही तिथेच. पूर्वी म्हणे दार उघडलं की चार पावलांत सुपिरियर सरोवरात उडी. आता सरोवर मागे सरकत सरकत पार लांब गेलंय. मध्ये नुसते धोंडे, आणि म्हाताऱ्याचे गुडघे तर बघायलाच नकोत. घामानं निथळत ते उंबऱ्यात बसतात आणि भांडून माहेरी निघून गेलेल्या बायकोकडे बघावं तसं पाण्याकडे बघतात.

मी धावत जाऊन बादली भरून आणली.

"हे काय?"

"सरोवराचं पाणी, आजोबा."

"सरोवराचं होतं, पोरा. बादलीत घातल्यावर ते भांड्याचं झालं. ओत तिकडे."

मग पाठ माझ्याकडे केली आणि बर्चच्या फांद्यांची जुडी माझ्या हातात दिली. घाम सुटल्यावर हिनं पाठ झोडपायची, अशी सौनातली रीत. मी तिच्या आजोबांची पाठ झोडपली. नातं जुळतंय.

२० ऑक्टोबर

पहाटे काइसाला धक्क्यावर गाठलं. कडाक्याची थंडी, आणि सगळ्या सरोवरावरून वाफा निघत होत्या, दगडांवर पाणी मारल्यासारख्या. मी म्हटलं, "किती सुंदर."

"सुंदर कसलं! पाणी चाललंय ते," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटतं सरोवर उन्हाळ्यात आटतं. सुपिरियर आटतं ते आता. पाणी अजून उन्हाळ्याचं कोमट आणि वरची हवा कोरडी, गार. जितकी थंड हवा तितकं ते जास्त देऊन टाकतं."

माझ्याकडे न बघता म्हणाली, पण इतकं स्पष्ट यापूर्वी कुणी काही सांगितलं नव्हतं. वरून थंड, आतून कोमट. मी समजायचं ते समजलो.

पुढेही पुष्कळ बोलली. हिवाळ्यात पूर्वी बर्फाचं झाकण बसायचं, आताशा पाणी इतकं तापतं की झाकणच बसत नाही, म्हणून सगळा हिवाळा वाफ जात राहते. मी विचारलं, "म्हणजे पाणी असंच खाली जात राहणार?"

"तसं मी म्हटलेलं नाही. झोका मोठा होतोय इतकंच म्हणते. खालीही जाईल, वरही येईल. कधी, ते विचारू नकोस."

तिच्या नाकाचा लाल झालेला शेंडा बघत होतो, त्यामुळे शेवटचं वाक्य नीट ऐकलं नाही. पण मुद्दा कळला. पाणी खाली जाणार.

१७ नोव्हेंबर

सुचलं! वरच्या फळीवर बसलो असताना सुचलं, त्यामुळे आधी वाटलं उष्णता डोक्यात गेली. पण बाहेर येऊन, कपडे घालून पुन्हा तपासलं, तरी बरोबरच होतं.

पाणी सौनाकडे येत नसेल तर सौना पाण्याकडे न्यायचा.

म्हाताऱ्यांना सांगितलं. त्यांनी दगडांवर ठेवलेलं सॉसेज फिरवलं, फॉइल पुन्हा नीट गुंडाळलं. मला वाटलं ऐकलंच नाही.

"आठ ओंडक्यांचा उंच आहे हा, पोरा. ओढणार कशानं?"

"माझ्या मामाकडे लाकडं ओढायचं यंत्र आहे."

"हं." आणि मग, "वडील म्हणायचे, सौना पाण्यापासून लांब ठेवणाऱ्यानं सरळ हॉटेलात राहायला जावं."

म्हणजे परवानगी मिळाली. काइसाला हे सगळं झाल्यावरच दाखवायचं. दाराबाहेर पाणी, पाण्यात आजोबा, आणि बाजूला मी. मी काही सांगायचं नाही, तिनं नुसतं बघायचं.

९ डिसेंबर

काइसाला कळलं. आजोबांनी फोनवर सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही म्हाताऱ्याच्या.

"डेरेक, तिथली जमीन म्हणजे सरोवराचा तळ आहे. आज उघडा आहे म्हणून तो अंगण झाला नाही."

"तूच म्हणालीस पाणी खाली चाललंय."

"मी म्हणाले झोका!"

"तू आजोबांचा चेहरा बघितलास का, ते उंबऱ्यात बसतात तेव्हा?"

तिनं बोटांनी डोळे चोळले. मग हळू आवाजात म्हणाली, "पुन्हा विचार कर." तेच शब्द. तिच्याही लक्षात आहेत!

२६ जानेवारी २०१३

झालं. सौना पाण्यापाशी आहे.

जमीन दगडासारखी गोठली होती. अर्धं गाव जमलं, हिवाळ्याच्या सणाला जमावं तसं. कॉफी, चीज, आणि प्रत्येकाकडे एक एक सल्ला. धुराडं आधी उतरवलं. भट्टीवरचे दगड ताउनोंनी कुणाला हात लावू दिले नाहीत. एकेक उचलून ढकलगाडीवर घोंगडीत ठेवला, तान्ह्या पोरांना ठेवावं तसं. जॅक लावून सौना उचलला, खाली स्प्रूस झाडाचे दोन सरळसोट बुंधे सरकवले, साखळी अडकवली. मामा यंत्रावरून ओरडला, "ए इंजिनियर, तुटलं तर बिल कुणाच्या नावावर?" मी ओरडलो, "ओढ तू!"

आणि सौना निघाला. काय सांगू! करकरत, डुलत, बर्फावरून एखाद्या म्हातारीसारखा. बायका टाळ्या वाजवत होत्या. मध्ये एक मोठा धोंडा आडवा आला, त्याला वळसा घातला आणि बरोब्बर पाण्याच्या कडेला आणून थांबवला. मी टोपी हवेत उडवली.

ताउनो पुढे आले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"दार कुठाय?"

वळसा घेताना सौना फिरला होता. दार जंगलाकडे, पाठ पाण्याकडे.

"मी काय आता झुडपात उडी मारायची?"

सगळं गाव हसून हसून लोळलं. दार फिरवण्यात दुपार गेली. पण संध्याकाळी भट्टी पेटली, आणि ताउनो लेहतो, वय शहाऐंशी, लालबुंद, उघडेबंब, दारातून निघून चार पावलांत सुपिरियरमध्ये गेले. गळ्यापर्यंत. बाहेर आले तेव्हा हसत नव्हते. नुसते उभे होते, अंगातून वाफ निघत होती आणि ओठ हलत होते. मी चौकशी केली तर म्हणाले, "गप्प बस रे."

काइसा दीपगृहावर होती. फिलिपनं काहीतरी नवीन यंत्र आणलंय म्हणे.

२२ जून

काइसा आज सौनात बसायला आली, फिलिपला घेऊन. तो पाच मिनिटांत बाहेर पळाला. मी वरच्या फळीवर बसून राहिलो, कानाची पाळी भाजेपर्यंत. तिनं हे बघितलं की नाही ठाऊक नाही, कारण तीही त्याच्यामागे पाणी घेऊन गेली होती.

पाणी थोडं वर आलंय. दोन पावलं उरली. ताउनो खूश. मीही. सरोवराला आमची जागा आवडलेली दिसते. काइसा मात्र धक्क्याच्या खांबावरची पाण्याची खूण बघत उभी होती. म्हणाली, "पाऊस फार झाला." मी म्हटलं, "हो, हवा छान आहे."

१५ फेब्रुवारी २०१४

असा हिवाळा आईलाही आठवत नाही. अख्खं सुपिरियर गोठलं. जिथे बघावं तिथे पांढरं. गावातले लोक म्हणतात, कुठे गेलं ते तुमचं तापमान वाढणं? काइसाचा राग अनावर होतो, आणि रागावली की ती अशी दिसते की मीच दोघा-तिघांना तो प्रश्न विचारायला पाठवलं.

मला वेगळं बोलावून म्हणाली, "डेरेक, झाकण बसलं. कळतंय का तुला? वाफ जाणार नाही. वसंतात हे सगळं वितळणार, वर पाऊस. पाणी चढणार. झपाट्यानं."

मला एवढंच कळलं की ही बातमी तिनं सगळ्यांत आधी मला दिली. फिलिप तिथेच होता, पण तो जमेत धरायचा नाही.

५ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. स्वतःची बाजू मांडत नाही.

ताउनोंच्या स्वयंपाकघरात कॉफीला बसलो होतो. काइसा आणि फिलिप आले. फिलिपनं चष्मा पुसला, आणि शांत, सभ्य, अत्यंत चीड आणणाऱ्या आवाजात म्हणाला, "सौना परत वर न्यायचा असेल तर जमीन गोठलेली आहे तोवर. दोन आठवडे मिळतील. नंतर मऊ चिखलात यंत्र रुतेल. आणि शरदातल्या वादळाला तो तिथे टिकेल असं मला वाटत नाही."

मी म्हटलं, "तू मिनियापोलिसचा. तुमचा सौना व्यायामशाळेत असतो, विजेवरचा. बटण दाबून घाम गाळणाऱ्यानं मला शिकवू नये."

"डेरेक," काइसा म्हणाली, "तो बरोबर सांगतोय. मागच्या वेळी तू चांगल्या मनानं केलंस, म्हणून मी अडवलं नाही. आता पुन्हा विचार कर. प्लीज."

ताउनो बशीत कॉफी ओतून पीत होते. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "इंजिनियर काय म्हणतो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉलेजात मला इंजिनियर असं कुणीही म्हटलं नव्हतं.

"हलणार नाही," मी म्हटलं.

"मग नाही," ताउनो म्हणाले, आणि बशी उचलली.

रात्री आडवा पडलोय आणि झोप नाही. मामाचं यंत्र घराशी उभं आहे. नुसतं बोलवायचं होतं. फिलिपच्या जागी दुसरा कुणी असता, समजा टपालवाला असता, तर मी ऐकलं असतं का? असतं. हे वहीत लिहिलं, बाहेर कुणाला सांगणार नाही.

२४ मे

पाणी उंबऱ्याशी. यंत्राचा विषय संपला, मामाची चाकं आताच अंगणात रुतून बसली. मी सौनासमोर धोंड्यांची भिंत घालतोय. ताउनो बसून बघतात आणि सांगतात, "तो उलटा ठेव." सरोवर रोज एक धोंडा काढून नेतं. मीही रोज एक ठेवतो. सध्या बरोबरी आहे.

१६ ऑगस्ट

काइसा आणि फिलिप मिनियापोलिसला चालले. नोकरी मिळाली दोघांना, आणि ऑक्टोबरमध्ये लग्न.

तिनं मला किनाऱ्यावर बोलावून सांगितलं. खूप चांगलं सांगितलं. मी चांगलं ऐकलं नाही. बूट, पँट, घड्याळासकट सरळ पाण्यात चालत गेलो, छातीपर्यंत. वाटलं होतं ती ओरडेल, मागे येईल. तिनं हाक मारली, "डेरेक, तिथे अचानक खोल होतं!" ते तिला मोजून माहीत होतं.

थंडीनं दात वाजायला लागल्यावर परत आलो. तिनं स्वतःचं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं. "आजोबांकडे शनिवारी येत राहशील ना? मी दर शनिवारी फोन करीन."

मी लगेच हो म्हटलं. मूर्ख नाही मी. दर शनिवारी फोन करणार म्हणजे दर शनिवारी बोलणार. लग्न काय, ऑक्टोबरमध्ये आहे. झोके येतात-जातात, ती स्वतःच म्हणाली होती.

२५ ऑक्टोबर

लग्न झालं. वऱ्हाडात ताउनो गेले नाहीत, गुडघ्यांचं कारण सांगितलं. मलाही आमंत्रण होतं. मीही गुडघ्यांचंच कारण सांगितलं.

३१ ऑक्टोबर

वायव्येकडून वादळ येतंय. सकाळपासून आकाश शिशासारखं. ताउनोंचा फोन, "पोरा, शनिवार उद्या, पण सौना आज."

गेलो तेव्हा जमिनीवरच्या फळ्यांमधून पाणी वर येत होतं. भट्टी उंच विटांवर, ती पेटली. आम्ही वरच्या फळीवर बसलो आणि खाली सुपिरियर खेळत होतं, आत येत होतं, बाहेर जात होतं. एक लाट आली आणि कोपऱ्यातली पाण्याची बादली तरंगत दाराबाहेर गेली.

"बघ," ताउनो म्हणाले. "आता तर उठावंही लागत नाही." आणि बसल्या जागेवरून पाय खाली सोडले.

मी म्हटलं, "आजोबा, एप्रिलमध्ये मी..."

"पाठ," ते म्हणाले, आणि पाठ वळवली. मी झोडपली. डोळ्यांत घाम जात होता.

निघताना दगड काढले. कातड्याचे हातमोजे घालून, कोमट असतानाच, एकेक. मी म्हटलं बाकं काढू, दार काढू. ते म्हणाले, "भिंती पुन्हा होतात. हे दगड माझ्या बापानं पारखलेले आहेत. नवा दगड घेतला की तापून फुटतो आणि तोंडावर येतो." सगळे ढकलगाडीवर, त्याच घोंगडीत.

१ नोव्हेंबर

सौना गेला. पहाटे गेला असावा. दार सापडलं, वरची फळी सापडली, ओंडके पार शेजाऱ्याच्या धक्क्यापर्यंत विखुरलेत. मी ओले होत गोळा करत होतो आणि म्हाताऱ्याला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करत होतो.

ते जुन्या जागी बसले होते. चार कोपऱ्यांचे चार पायाचे धोंडे अजून तिथेच आहेत, आम्ही सौना उचलला तिथे. ताउनो पुढच्या उजव्या धोंड्यावर बसले होते आणि बूट काढून पाय पाण्यात सोडले होते. पूर्वी चार पावलं मोजून गाठायचं ते पाणी आता थेट दाराच्या जागी. सरोवर स्वतःच्या पायांनी परत आलं होतं.

आम्ही काहीच केलं नसतं तर आज सौना इथे उभा असता आणि दाराशी पाणी असतं. हे मला आत्ता दिसलं. तोंडातून निघूनच गेलं, "नुसते बसून राहिलो असतो तर."

"बसून राहिलो असतो तर," ताउनो म्हणाले, "तू दोन शनिवारांत कंटाळून पळाला असतास."

याचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही. म्हातारपणी माणसं विषय सोडून बोलतात.

"शिव्या द्या ना, आजोबा."

"देतो. आधी ओंडके वर आण. ओले राहिले की कुजतात."

८ नोव्हेंबर

वादळाचं पाणी थोडं ओसरलंय. जुन्या जागेच्या चार धोंड्यांवर मामाची जाड ताडपत्री ताणून तंबू केलाय. वाचलेली फळी आत, भट्टीच्या जागी जुनं लोखंडी पिंप, त्यावर ते दगड. वसंतात ओंडके पुन्हा रचायचे, थोडे वर. किती वर यावरून वाद चालू आहे. मी म्हणतो दहा पावलं, ताउनो म्हणतात चार. काइसाला विचारायला हवं.

मी शनिवारी फक्त फोनसाठी जातो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फोन स्वयंपाकघरात आहे, तंबूतून ऐकू येतो.

आज सहाच्या सुमाराला वाजला. ताउनो म्हणाले, "जा, तीच असेल." पण दगड नुकतेच तापले होते, मी डावभर पाणी मारलं होतं, आणि वाफ अशी चढली होती की ताडपत्री फुगली. अशा वाफेतून मध्येच उठत नाहीत. पडदा उघडला की सगळी गेली.

म्हटलं, "पुन्हा करेल."

बराच वेळ वाजत होता. मग ताउनोंनी पाठ वळवली.